घरचं लोखंड

ताई वाचली.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. पुढचं सगळं घडत होतं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि आम्ही जे पूर्ण भोगलं ते तुम्हाला सवलतीत देण्याचं मला काही कारण दिसत नाही.

तर, ताईला खोकला होता.

आमचं घर वर आणि वेल्डिंगचं दुकान खाली. म्हणजे खाली लोखंड जळतं आणि त्याच्या डोक्यावर आम्ही राहतो. बाबा जोडतात. ताई मापं घेते, नकाशा काढते आणि तयार झालेलं गेट जागेवर जाऊन बसवून येते. आई गिऱ्हाईक सांभाळते, म्हणजे त्यांना बाबांशी बोलू देत नाही. मी प्रायमर मारतो. तांबडा, विटेच्या रंगाचा, तोही शेवटी लोखंडाचा गंजच, फक्त डब्यातून येणारा. मी कॉलेजात शिकतो अशी आईची एक समजूत आहे, ती मी मोडत नाही.

दुकानाच्या खिडकीची एक काच फार वर्षांपूर्वी फुटली. तिच्या जागी बाबांच्या छातीचा एक्स-रे लावलेला आहे. विनोद म्हणून नाही, माप बसलं म्हणून. बाबांची कधीतरी तपासणी झाली होती आणि फिल्मवर दोन्ही फुफ्फुसांत बारीक पांढरे ठिपके निघाले होते, जणू ग्राइंडरच्या ठिणग्या उडता उडता कुणीतरी थांबवल्यात. तेव्हाच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की हे वेल्डिंगच्या धुरातलं लोखंड आहे. श्वासातून आत गेलं, तिथल्या सफाई करणाऱ्या पेशींनी ते गिळलं आणि पोटात घेऊन जागच्या जागी बसून राहिल्या. त्रास नसेल तर घाबरू नका, पण मास्क लावा, धूर कमी घ्या. यातलं बाबांना फक्त ‘घाबरू नका’ ऐकू आलं. तेव्हापासून ती फिल्म म्हणजे त्यांचं प्रशस्तिपत्रक. उन्हाच्या वेळी जमिनीवर त्यांच्या बरगड्यांची सावली पडते आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की बाबा तिच्याकडे बोट दाखवतात. माझ्या छातीत अर्धं गेट आहे, मला लोखंडाचा भाव शिकवू नका.

ताई मात्र पांढरी पडत चालली होती. जिना चढून आली की पायरीवर बसायची आणि बुटाची नाडी बांधतेय असं दाखवायची. चपला घातलेल्या असल्या तरी. आईने तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. आम्ही त्यांना गोळीवाले म्हणतो, कारण त्यांच्याकडून रिकाम्या हाताने परत आलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. गोळीवाल्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, अंगात लोखंड कमी आहे.

बाबांना हे फार लागलं. त्यांनी दुकानभर नजर फिरवली: अँगल, पट्ट्या, सळयांचे गठ्ठे, भंगाराचा ढीग, लोखंडाच्या भुशाने माखलेला मी.

“कुणाकडे कमी आहे म्हणाले?”

ताई लोखंडाच्या गोळ्या खाऊ लागली. रक्त जरा वाढायचं, पुन्हा घसरायचं. पुन्हा गोळ्या, पुन्हा जरा वर, पुन्हा खाली. बुडाला भोक असलेली बादली भरावी तसं चाललं होतं, पण भोक कुठे आहे हे कुणी शोधत नव्हतं, सगळे नळच मोठा करत होते. शेवटी खोकला हटेना म्हणून गोळीवाल्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत ठिपके निघाले.

ताईने फिल्म आणली, बाबांनी ती खिडकीत आपल्या फिल्मशेजारी चिकटवली आणि घरात जवळजवळ आनंद पसरला. आई म्हणाली, नाक माझं घेतलं आणि छाती बापाची. तिचे ठिपके थोडे ढगाळ होते, कापूस विस्कटल्यासारखे, पण बाबांच्या मते ते मशीन नवीन असल्यामुळे. गोळीवाल्यांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन या असं लिहून दिलं होतं. त्यावर ताई म्हणाली, हातातलं मोठं गेट लागलं की जाते. बाबांना हेच ठिपके होते, त्यांना काय झालं?

काहीच झालं नव्हतं. बाबा समोर उभे होते. पुरावा एवढा जाडजूड असल्यावर कोण वाद घालणार.

पण त्या दिवसापासून बाबा बदलले. दुकानाच्या धुरात पोरं वाढवली, आपलंच लोखंड तिच्या छातीत गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बोलले नाहीत. आमच्याकडे वाईट वाटलं की माणूस काहीतरी जोडायला घेतो. बाबांनी पत्र्याचा एक धूर ओढणारा पाइप जोडला, एवढा रुंद की पहिल्यांदा पंखा चालू केला तेव्हा माझी टोपी त्यातून बाहेर गेली आणि ती शेजारच्यांनी परत केली नाही. मग वेल्डिंगच बंद करून त्यांनी दुकान धुवायला काढलं. भिंती धुतल्या, फरशी धुतली. आणि हात धुवायचं बेसिन ॲसिड ओतून घासलं.

ते बेसिन पांढरं आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या जन्मापासून ते विटकरी होतं. ग्राइंडरचा भुसा, गंजाचं पाणी, माझा प्रायमर, सगळं त्यातच जायचं. त्यात कुणी काहीही थुंकलं असतं तरी उठून दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात तांबडे थेंब होते.

आधी वाटलं, मीच. मी बोट फिरवलं. प्रायमर चिकटतो, त्याला थिनरचा वास येतो. हे चिकटलं नाही आणि त्याला कसलाच वास नव्हता. मागे ताई उभी होती, टॉवेल तोंडाला लावून.

मी तिला विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, बेसिन घाण होतं तोपर्यंत कुणालाच काही अडचण नव्हती. माझा आवाज चढायला लागला तशी ती जवळ आली.

“बारक्या, उद्या गेट आहे. पूर्ण माझ्या मनाचं असं पहिलं. उद्याचा दिवस जाऊ दे.”

मी नाही जाऊ दिला. सरळ जाऊन बाबांना सांगितलं.

बाबांनी चुंबक काढलं.

हे चुंबक म्हणजे जुन्या भोंग्यातून काढलेली एक जाड चकती, दोरीला बांधलेली. भंगार घेताना बाबा ती मालाला लावून बघतात आणि तिचा निकाल अंतिम असतो. त्यांनी आधी ते स्वतःच्या छातीला लावलं. ते चिकटलं. शर्टाच्या शिवणीत वर्षानुवर्षांचा भुसा होता म्हणून चिकटलं, हे मला दिसत होतं, पण तो क्षण शिवणीबद्दल बोलण्याचा नव्हता. मग त्यांनी ते ताईच्या छातीला लावलं. ताईने धुतलेला शर्ट घातला होता. चुंबक खाली पडलं.

बाबांनी ते उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

“माझं असतं तर धरलं असतं,” बाबा म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती होती. शास्त्र साफ चुकीचं होतं, निष्कर्ष मात्र बरोबर निघाला. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच चालतात.

मग आम्ही असा एक निर्णय घेतला जो फक्त आमच्यासारखीच माणसं घेऊ शकतात. गेट ज्याचं होतं तो म्हणजे तोच मोठा दवाखाना. मागचं गेट, रुग्णवाहिका आत येतात ते. आई म्हणत होती, आत्ताच्या आत्ता चला. ताई म्हणाली, उद्या जायचंच आहे ना तिथे. गेट बसवू आणि तसेच आत जाऊ, एका फेरीत दोन कामं. टेंपो वाचतो हे सगळ्यांना पटलं. आईला पटलं नाही, पण टेंपोच्या भाड्याविरुद्ध आमच्या घरात आजवर कुणी जिंकलेलं नाही.

ते गेट ताईचं होतं. नकाशा तिचा, मापं तिची. रुळावरून बाजूला सरकणारं, उभ्या सळयांचं, मधल्या सळया वर जाऊन पानांसारख्या उमलणाऱ्या. बाबांनी तिच्याशी एकाच गोष्टीवरून भांडण केलं होतं: एवढ्या मोठ्या गेटात माणसाला जायला एक छोटं दिंडी दार हवं. ताई म्हणाली, मधे दार कापलं की पानं मोडतात. तिने दार ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागे, गेटच्या दोन खांबांसमोर लोखंडी तिकाटणं, म्हणजे तीन पायांची घोडी, उभं केलं, त्याला चेनची कप्पी, कप्पीला गेट. मागे भाड्याचा टेंपो, तो तिकाटण्याच्या पायांत असा अडकलेला की वजन खाली उतरवल्याशिवाय हलणार नाही. बाबा चेन ओढत होते. मी ढकलत होतो. ताई दोरी धरून गेटच्या चाकाला रुळावर आणत होती. अजून जरा, म्हणाली. अजून जरा. मग खोकली.

मी तिचा खोकला ओळखतो. हा तो नव्हता. ती कमरेत वाकली, दोरी सुटली, चाक रुळावरून घसरलं आणि गेट तिरकं होऊन दोन खांबांच्या मधे पाचरीसारखं बसलं. ताई जमिनीवर बसली होती. तिच्या शर्टावर फेसाळ तांबडं होतं. ताजं. माझ्या प्रायमरशी त्याचा काही संबंध नव्हता.

गेटच्या पलीकडे दवाखाना होता. आतला वॉचमन, त्याच्या मागे पायऱ्या, पायऱ्यांवर तातडीच्या विभागाची पाटी. आम्ही अलीकडे होतो. मधे आम्हीच बनवलेलं गेट होतं, आणि ते आम्ही फार चांगलं बनवलं होतं. हात जाईल एवढी फट, माणूस जाणार नाही.

वॉचमन म्हणाला, पुढच्या गेटाने या. पुढचं गेट पार पलीकडच्या रस्त्याला, आणि तिकडे जायची एकच गल्ली आम्हीच आणलेल्या टेंपोने बंद. मी त्याला हे समजावत असताना माझ्या लक्षात आलं की मी अत्यंत शांतपणे, दिशा दाखवत, खाणाखुणा करून समजावतोय, आणि ज्या हाताने दिशा दाखवतोय त्यात ताईच्या हातून सुटलेली दोरी आहे.

पायऱ्यांवरून एक डॉक्टर बाई उतरल्या. त्या खरं तर आवाजाबद्दल तक्रार करायला येत होत्या. छातीच्या डॉक्टर होत्या हे नंतर कळलं. त्यांनी सळयांमधून हात घालून ताईची नाडी धरली, नखं बघितली, शर्ट बघितला आणि मग आमच्याकडे बघितलं.

“हिला आत घ्या. कसंही.”

बाबांनी ग्राइंडर उचलला.

ताईने मान वर केली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी तिने तो या वाक्यावर खर्च केला.

“बाबा, मधल्या नको.”

“गप.”

बाजूच्या सळयांवर गेटचं वजन होतं. त्या कापल्या असत्या तर सगळं तिच्या अंगावर आलं असतं. मधल्याच कापाव्या लागणार होत्या हे ताईलाही माहीत होतं. नकाशा तिचाच होता. मी ताडपत्री घेऊन तिच्या आणि ठिणग्यांच्या मधे उभा राहिलो. डॉक्टर पलीकडून ओरडत होत्या, धूर तिच्याकडे जाऊ देऊ नका. वारा नेमका तिच्याकडे होता. मी टोपीने वारा घालायला गेलो तर टोपी नव्हती, ती शेजाऱ्यांकडे होती. मग मी तोंडाने फुंकत राहिलो. एवढ्या मोठ्या धुराला एक माणूस तोंडाने फुंकतोय हे दृश्य वॉचमन अजून विसरला नसावा.

पहिली सळई सुटली. दुसरी. बाबांनी डोळ्यांना काच लावली नव्हती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काप सरळ जात होता. ताईचे ओठ मात्र निळसर व्हायला लागले होते. तिसरीला डिस्क तुटली. बाबांनी नवी लावली, आणि ती लावताना त्यांनी नट तसाच घट्ट, नीट, कायद्याने आवळला जसा रोज आवळतात. मला वाटलं मी ओरडेन. चौथी सुटली. पलीकडे स्ट्रेचर येऊन थांबलं होतं. आम्ही ताईला खांद्यांकडून आत सरकवलं, एखादं कपाट दारातून न्यावं तसं, जरा डावीकडे, जरा खाली, आणि पलीकडच्या हातांनी तिला ओढून घेतलं.

बाबा त्या भोकातून गेले नाहीत. त्यांचं पोट अडलं. मी गेलो.

आत त्यांनी तिच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, मग घशात नळी घातली, मग मशीनने तिच्या वतीने श्वास घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एक बारीक दुर्बीण फुफ्फुसात उतरवली, एका कोपऱ्यात मिठाचं पाणी सोडलं आणि परत ओढून घेतलं. परत आलेलं पाणी तांबडं होतं. पुन्हा धुतलं, पुन्हा ओढलं, तर आधीपेक्षा तांबडं. साधारणपणे धुतलं की गोष्टी स्वच्छ होतात. इथे उलटं होतं, आणि त्याचा अर्थ असा की आत अजून झिरपत होतं.

तोवर गेट खाली उतरवून, टेंपो सोडवून बाबा लांबच्या गेटाने पोहोचले होते. येताना घरी जाऊन आईला घेऊन आले होते. खिडकीतल्या दोन्ही फिल्म काढून, कडांना चिकटपट्टी तशीच, काखेत धरून. डॉक्टरांसमोर त्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, सारख्याच आहेत. हे माझ्यामुळे झालंय. मी दुकान विकतो.

डॉक्टर दमल्या होत्या, पण बसल्या. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे चुका माझ्या.

लोखंडाशिवाय कुठल्याच पेशीचं चालत नाही, पण फुफ्फुस त्याला मोकळं फिरू देत नाही. मोकळं लोखंड आतल्या आत जाळतं, शिवाय जंतूंना ते जेवण म्हणून फार आवडतं. म्हणून आतल्या ओलाव्यात ते पकडून ठेवणारे पदार्थ असतात, आणि सफाईच्या पेशी सापडेल ते गिळून आपल्या पोटात कुलूपबंद करतात. निरोगी माणसात हे गुपचूप चालू असतं. बाबांच्या छातीत धुराचं लोखंड आलं, पेशींनी गिळलं, कुलूप लावलं, गप्प बसल्या. दुकानाचा धूर कुणाच्याच भल्याचा नाही, मास्क तुम्ही लावायलाच हवा होता, हेही त्या म्हणाल्या. पण ताईचं वेगळं होतं. तिच्या शरीराचे पहारेकरी बिथरून तिच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडले होते. रक्त थेंब थेंब फुफ्फुसात गळत होतं, पेशी ते रक्त गिळत होत्या, त्यातलं लोखंड आत कोंडत होत्या. धुतलेल्या पाण्यातल्या पेशींवर त्यांनी लोखंड असेल तिथे निळा होणारा रंग टाकला होता. पेशी काठोकाठ निळ्या निघाल्या.

“ठिपके सारखे दिसतात,” त्या म्हणाल्या. “तुमचं लोखंड बाहेरून आलं. हिचं घरचंच आहे.”

“म्हणजे माझं नाही?”

“नाही.”

बाबा भिंतीला टेकले. त्यांना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी हायसं वाटल्याची लाज वाटली. हे दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी मावत नव्हतं. आईने त्यांच्या हातातून फिल्म काढून घेतल्या, नाहीतर त्यांनी त्या चुरगळल्या असत्या.

मग त्यांना मुद्दा सुचला. भंगाराच्या धंद्यातला माणूस, माल वाया जाताना बघवत नाही.

“रक्तात लोखंड कमी आणि छातीत साठा. तर इथलं काढून तिथे नाही का घालता येत?”

डॉक्टर म्हणाल्या, असा चोख रस्ता शरीराकडे नाही. कोंडलेलं फार थोडं सुटतं. ती उपाशी आहे आणि कोठार तिच्याच छातीत आहे, कुलूप लावून. आता पहारेकऱ्यांना आवरायचं औषध जोरात दिलंय. गळती थांबली तर थांबली.

थांबली नाही तर काय, हे कुणी विचारलं नाही. बाकावर बसलो. मशीन आत फुसफुसत होतं, तेवढ्याच लयीत आईचा पाय हलत होता. बाबा गेटबद्दल बोलले, मग थांबले.  दर वेळी दार उघडलं की आम्ही तिघं उठायचो आणि बाहेर येणारा माणूस चहाला चाललेला असायचा. मी वर पहिल्या ओळीत काही बोललो असेन तर ते इथे धरू नका. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं.

नळीतलं तांबडं पाणी आधी गुलाबी झालं. मग मळकट. मग एका दुपारी डॉक्टर बाहेर आल्या, त्या चहाला चालल्या नव्हत्या. नळी काढलीय, म्हणाल्या. एकेकाने आत जा आणि तिला बोलायला लावू नका.

मी पहिला गेलो. ताईचा चेहरा उशीसारखाच पांढरा होता. तिने खूण करून मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

“किती?”

“चार.”

“मधल्या?”

“मधल्या.”

तिने डोळे मिटले. नर्स घाबरली, पण मला माहीत होतं; अशक्तपणा नव्हता, राग होता. आणि ताई रागावू शकते एवढा श्वास तिच्याकडे आला होता. मी बाहेर येऊन एवढंच सांगितलं. आई रडली. बाबा गेट बघायला गेले.

ते गेट आता लागलंय. कापलेल्या जागी बाबांनी दिंडी दार बसवलं, पानं मोडली. ताई औषधं घेते, छाती तपासून येते, तब्येत हळूहळू सावरतेय. त्या दारातून जाताना मात्र ती एकदाही बाबांकडे बघत नाही. बाबा मास्क लावतात. खिडकीला काच बसवली. आणि ताई अजून लोखंडाच्या गोळ्या खाते, ज्या विकत आणाव्या लागतात, तर साठा तिच्याच छातीत पडून आहे. हे आमच्या घराला सहन होण्यासारखं नाही. म्हणून सर्वांच्या वतीने मी अर्ज केला आहे, तो असा:

प्रति, माननीय सफाई प्रमुख, उजवं आणि डावं फुफ्फुस. विषय: कोंडून ठेवलेलं लोखंड मूळ मालकिणीस परत मिळणेबाबत. महोदय, आपल्या विभागाने सदर लोखंड सद्हेतूने आणि जळण्याचा धोका ओळखून ताब्यात घेतलं, याबद्दल कुटुंब आभारी आहे. तथापि गळती आता थांबली असल्याने ते कुलूपबंद ठेवण्याचं प्रयोजन उरलेलं नाही. तरी सर्व साठा विनाविलंब मालकिणीच्या रक्तात जमा करावा, आणि काही शिल्लक राहिल्यास ते चार सळयांच्या रूपात, वरच्या टोकाला पानं असलेल्या, आमच्या दुकानात पोहोचतं करावं, ही नम्र विनंती.